वाचक विचारतात: पॉइंट टू-टूच्या मॅचची सुरुवात कुठून करायची?

गेल्या अंकात पॉइंट टू-टू, म्हणजे ०.२२ इंची नळीच्या, रायफलच्या स्पर्धांबद्दल थोडंसं लिहिलं होतं आणि शेवटी म्हटलं होतं की काही विचारायचं असेल तर बिनधास्त विचारा. रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंत बरीच पत्रं आली. सगळ्यांना उत्तरं देणं जमणार नाही, पण जे प्रश्न पुन्हा पुन्हा आलेत ते घेतलेत.

मी मर्चंट नेव्हीत आहे. अमेरिकेत बंदरात असताना एका मित्राने रिमफायर प्रिसिजन रायफलची मॅच बघायला नेलं. लाकडी चौकटी, टायर, शिडी यांच्यावर रायफल टेकवून लोक लोखंडी प्लेटा उडवत होते, टायमर चालू, मजा आली. सुट्टीवर घरी आलो की मला हे करायचं आहे. कोणती रायफल आणि कोणता स्कोप घेऊ? – एक वाचक, देवगड

दादा, रायफल आणि स्कोप सगळ्यात शेवटी. आधी तुम्ही बघितलं ते काय होतं ते बाकीच्या वाचकांसाठी सांगतो. टू-टूचं काडतूस म्हणजे रिमफायर, त्यात मध्यभागी टोपी नसते, पेटणारा मसाला बुडाच्या कडेला आतून भरलेला असतो. रेंजवर पडलेली काडतुसाची रिकामी केस उचलून बघा, बुडाच्या कडेवर फायरिंग पिनची एक छोटीशी खाच दिसेल, तिथेच ठिणगी पडलेली असते. गोळी साधारण ४० ग्रेनची म्हणजे अडीच ग्रॅमच्या जरा वर, आणि मॅचचं काडतूस मुद्दाम आवाजाच्या वेगापेक्षा हळू ठेवलेलं असतं, सेकंदाला ३२०-३३० मीटर, कारण आवाजाचा वेग ओलांडून परत खाली येताना गोळी डळमळते आणि नेम बिघडतो.

आता एवढी हळू गोळी असल्यामुळे झालंय काय, की मोठ्या रायफलवाल्यांना जे पाचशे-सातशे मीटरवर शिकावं लागतं ते टू-टूवाल्याला शंभर मीटरच्या आतच शिकायला मिळतं. ५० मीटरवर झीरो केलेली, म्हणजे तिथे बरोबर मध्यावर मारेल अशी लावून घेतलेली रायफल १०० मीटरवर चांगली वीतभर खाली मारते. म्हणून त्या मॅचमध्ये लोक स्कोपचे क्लिक, म्हणजे नेम वर-खाली करणाऱ्या चकतीचे टप्पे, मोजत असतात. मिल हे कोनाचं माप, एक मिल म्हणजे १०० मीटरवर १० सेंटीमीटर, आणि बहुतेक स्कोपला एक क्लिक ०.१ मिलचा, म्हणजे तिथे एक सेंटीमीटर. प्रत्येक अंतराला किती क्लिक ते कागदावर लिहून हाताला बांधलेलं असतं. तिकडे एनआरएल-२२ नावाचा जो प्रकार चालतो त्यात प्लेटा साधारण २५ ते १०० यार्डांवर असतात, पीआरएस (प्रिसिजन रायफल सिरीज) ह्या दुसऱ्या प्रकारच्या रिमफायर मॅचमध्ये त्याहून बऱ्याच लांब जातात.

आपल्याकडे क्लबमधून जो रस्ता जातो तो ऑलिम्पिकच्या धर्तीच्या प्रकारांचा आहे: ५० मीटर प्रोन, म्हणजे पालथं पडून (हे २०१६ पर्यंत ऑलिम्पिकमध्ये होतं), आणि थ्री पोझिशन, म्हणजे गुडघ्यावर, पालथं आणि उभ्याने. त्यात रायफलवर स्कोप चालत नाही, मागे पीप साइट, म्हणजे बारीक भोकाची चकती, आणि पुढे रिंग, बस. पण मी अगदी मनापासून सांगतो, त्या शिडीवर आणि टायरवर जो माणूस प्लेट पाडतो त्याचं ऐंशी टक्के काम ह्याच जुन्या पद्धतीत शिकता येतं. शरीर स्थिर कसं करायचं, श्वास कुठे थांबवायचा, ट्रिगर कसा दाबायचा, वारा कसा वाचायचा. टायमरची घाई नंतर अंगवळणी पडते, ही मुळं कच्ची असतील तर टायमर लागला की सगळं उघडं पडतं. तेव्हा सुट्टीवर आलात की क्लब गाठा, क्लबच्या रायफलवर एक मोसम काढा, आणि बोटीवर असताना रायफलशिवाय पोझिशनचा सराव करा, त्याला केबिनएवढी जागा पुरते.

भाऊ, माझो झील नववीत आसा. गलोलीन आंबो अचूक पाडता. सगळे म्हणतत तेका नेमबाजीत घाल. तेका बंदूक हातात देवची काय नको? खर्च किती येतलो? – एक आई, मालवण तालुका

वहिनी, घाला की, नववी हे अगदी योग्य वय आहे. फक्त थेट टू-टूपासून नको, हवेच्या रायफलपासून. १० मीटर एअर रायफलमध्ये ४.५ मिलिमीटरचा पेलेट असतो आणि टार्गेटवरचा दहाचा ठिपका फक्त अर्धा मिलिमीटर, त्यामुळे हाताची जराशी चूकसुद्धा लपत नाही. ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या आणि २० जूलपर्यंत ताकदीच्या एअर रायफलला शस्त्र परवाना लागत नाही, विकत घेताना ओळखपत्र द्यावं लागतं. पेलेट स्वस्त पडतात, आवाज नाही, आणि कोकणातल्या घराला जे लांब खळं असतं तिथे १० मीटर सहज निघतात. टार्गेटचा मध्य जमिनीपासून १.४० मीटर उंचीवर लावा, मागे लोखंडी तिरक्या पत्र्याचा पेलेट ट्रॅप पाहिजेच, नुसत्या चिऱ्याच्या भिंतीवर मारू देऊ नका, पेलेट उलटा येतो. त्या बाजूला दार नको, गुरं-कोंबड्या नकोत, आणि मोठं माणूस शेजारी उभं असल्याशिवाय रायफल पेटीतून बाहेर नको.

खर्चाचं म्हणाल तर मॅचची चांगली एअर रायफल लाखांत जाते, म्हणून पहिलं वर्ष क्लबची वापरायची. आधी जाड जॅकेट-पॅन्टही विकत घेऊ नका, मुलगा या वयात झपाट्याने वाढतो, वर्षात तोकडं होतं. शाळेत किंवा पुढे कॉलेजात एनसीसी असेल तर जरूर घाला, तिथे टू-टू रायफल हाताळायला मिळते, २५ मीटरवर पाच गोळ्यांचं ग्रुपिंग, म्हणजे सगळ्या जवळजवळ एकाच जागी, कसं आणायचं ते उस्ताद लोक नीट शिकवतात.

आणि एक सांगतो, घरात कोणी म्हणेल की हे मोठ्या शहरातल्यांचं काम, तर त्यांना सांगा की फोंडा घाट चढून गेलं की राधानगरी तालुका लागतो, तिथल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसळे २०२४ साली पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ऑलिम्पिक ब्राँझ घेऊन आला. पात्रता फेरीत ६०० पैकी ५९०, सातवा नंबर, आणि तिथून फायनलला ४५१.४ करून तिसरा. कोल्हापूरचीच तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला ५० मीटर प्रोनची जगज्जेती झाली. आणि इकडे आपल्या बाजूला पनवेलला सुमा शिरूर ताईंचा लक्ष्य शूटिंग क्लब आहे, त्या स्वतः २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकला एअर रायफलची फायनल खेळलेल्या.

आजोबांची शेतीसंरक्षणाची ठासणीची बंदूक घरात आहे, परवाना वडिलांच्या नावावर केलाय. काजूच्या बागेत डबे लावून तिच्यावर सराव केला तर चालेल ना? की टू-टूचा वेगळा परवाना काढावा लागेल? – लांजा

नाही चालणार, आणि हे मी जरा कडकच सांगतोय.

परवाना वडिलांचा आहे, तुमचा नाही, आणि तो पिकाच्या राखणीसाठी आहे. शस्त्र कायदा १९५९ च्या १३ व्या कलमात ह्या दोन गोष्टी वेगवेगळ्या लिहिल्यात, शेतीसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक वेगळी आणि मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सदस्याला टार्गेट प्रॅक्टिससाठी पॉइंट टू-टू रायफल वेगळी. शिवाय ठासणीच्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत, तिच्यात गोळीला फिरवणारे आटेच नाहीत, तिच्यावर मॅचचा सराव होतच नाही.

बागेचं म्हणाल तर टू-टू छोटी म्हणून लोक हलक्यात घेतात. ती गोळी वर तोंड करून सुटली तर दोन किलोमीटरच्याही पुढे जाऊ शकते. आपल्याकडे बागेच्या पलीकडे वाडी, वाडीच्या पलीकडे पाणंद, कुठून कोण चाललंय दिसत नाही. जांभ्याचा गडगा, कातळ, आणि हो, पाणीसुद्धा, ह्या सगळ्यावरून शिशाची गोळी उसळते. समुद्राकडे तोंड करून मारलं तर काय होतंय असं एका वाचकाने विचारलंय, त्यांनाही हेच उत्तर, समोर होड्या असतात आणि गोळी पाण्यावरून उड्या मारत जाते. पिस्तूल असो, रायफल असो, गोळीची जागा फक्त रेंज, जिथे मागे मातीचा बांध आहे आणि हुकूम द्यायला माणूस उभा आहे.

परवान्याचा रस्ता असा. आधी क्लबचं सदस्यत्व, शस्त्र सुरक्षेच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, मग ऑनलाइन अर्ज, पोलीस पडताळणी, आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गात निर्णय जिल्हाधिकारी कार्यालयाचा. स्वतःच्या नावावर परवाना मिळायला वयाची २१ वर्षं पूर्ण पाहिजेत, त्याआधीची मुलं क्लबच्या देखरेखीखाली क्लबच्या रायफलवर शिकतात. वेळ लागतो, फेऱ्या होतात, पण तेवढ्या काळात तुम्ही एअर रायफलवर तयार होता, म्हणजे वेळ फुकट जात नाही. राज्याची मॅच, मग पुढच्या पात्रता मॅच, मग नॅशनल, असा क्रम असतो. त्यातली जी. व्ही. मावळंकर मॅच सगळ्यांच्या तोंडी असते. ते दादासाहेब मावळंकर म्हणजे लोकसभेचे पहिले अध्यक्ष, १९५१ साली नॅशनल रायफल असोसिएशन स्थापन झाली तेव्हा तिचेही पहिले अध्यक्ष, आणि घराणं मूळचं संगमेश्वरातल्या मावळंग्याचं. लांज्याहून फार लांब नाही.

वर्षभर प्रोन मारतेय. ग्रुप छोटा येतो पण प्रत्येक सिरीजला (दहा गोळ्यांच्या फेरीला) वेगळ्या जागी, कधी उजवीकडे, कधी खाली. साइट फिरवून फिरवून कंटाळले. – पनवेल

ताई, हा प्रश्न वाचून फार बरं वाटलं, कारण ग्रुप छोटा येतोय म्हणजे ट्रिगर आणि श्वास तुमचे जागेवर आहेत. साइटला हात लावू नका. गडबड आहे ती शरीराच्या नैसर्गिक दिशेत, ज्याला रेंजवर सगळे एनपीए (नॅचरल पॉइंट ऑफ एम) म्हणतात.

असं करा. पोझिशन घ्या, स्लिंग (दंडाला बांधलेला रायफलचा पट्टा) घट्ट, गाल टेकवा, दहावर या. मग डोळे मिटा. दोन श्वास सोडा, खांदे, मान, डावा हात, सगळं पूर्ण सैल, रायफल हाडांवर आणि स्लिंगवर टांगलेली राहू द्या. आता डोळे उघडा. काळा गोल रिंगच्या मधे आहे का? बहुतेक वेळा नसतो, रायफल उजवीकडे गेलेली असते. इथे सगळेजण हाताने रायफल परत ओढतात आणि मारतात, आणि ट्रिगर सुटताना स्नायू जिथे सैल व्हायचा तिथे होतो आणि गोळी पुन्हा उजवीकडे. हाताने ओढायचंच नाही. उजव्या हाताच्या असाल तर डावं कोपर म्हणजे खुंटा, ते हलवायचं नाही, कंबर आणि पाय थोडेसे उजवीकडे सरकवायचे, मग रायफलचं तोंड आपोआप डावीकडे येतं. खाली जात असेल तर शरीर किंचित मागेपुढे किंवा हँडस्टॉपची, म्हणजे पुढचा हात टेकतो त्या अडणीची, जागा बदलायची. परत डोळे मिटा, परत बघा. हे प्रत्येक सिरीजच्या आधी करायचं, आणि चटईवरून उठून परत आडवं झालात तर पुन्हा पहिल्यापासून, कारण बोटभर जरी कोपर सरकलं तरी ५० मीटरवर ते दिसतं.

दुसरं, ट्रिगर सुटल्यावर लगेच डोकं वर काढून, गोळी कुठे लागली ते दाखवणाऱ्या स्क्रीनकडे बघायची सवय असेल तर ती मोडा. टू-टूची गोळी नळीत बराच वेळ असते, त्या वेळात तुम्ही हललात तर गोळी तुमच्याबरोबर हलते. सुटल्यावर सेकंदभर तरी तसंच राहायचं, आणि स्क्रीन बघण्याआधी मनात म्हणायचं, ही नऊ, उजवीकडे. मग बघायचं. तुमचा अंदाज आणि स्क्रीन जुळायला लागली की अर्धी लढाई जिंकलीत. सहा-आठ सेकंदांत सुटली नाही तर रायफल खाली घ्या, श्वास घ्या, पुन्हा सुरू करा, ओढून-ताणून मारलेली गोळी बहुतेक बाहेरच जाते.

किनाऱ्यावर राहणाऱ्यांना वाऱ्याचा फायदा की तोटा? आम्हाला वारा कायमचाच. – रत्नागिरी

फायदा, शंभर टक्के फायदा, पण शिकून घेतलात तर. आकडा सांगतो. ताशी १५ किलोमीटरचा आडवा वारा ५० मीटरवर टू-टूची गोळी दोनेक सेंटीमीटर सरकवतो. दहाच्या रिंगचा व्यास १०.४ मिलिमीटर. म्हणजे तुम्ही सगळं अचूक केलंत तरी दहाचा आठ होतो.

आता आपला वारा बघा. पहाटे मतलई, जमिनीकडून समुद्राकडे, हलका. मग ऊन चढता चढता मधे एक शांत वेळ येते, आणि दुपारकडे खारा वारा समुद्रावरून सुरू होतो तो संध्याकाळपर्यंत. रेंजचं तोंड उत्तरेकडे असेल तर समुद्र तुमच्या डाव्या हाताला, म्हणजे सकाळी वारा उजवीकडून आणि दुपारी डावीकडून. उजव्या आट्यांच्या नळीतून सुटलेली गोळी उजवीकडच्या वाऱ्यात डावीकडे जाते आणि जराशी वरही चढते, डावीकडच्या वाऱ्यात उजवीकडे आणि जराशी खाली. नवीन माणूस फक्त आडवी करेक्शन करतो आणि मग ग्रुप वर का गेला म्हणून डोकं खाजवतो. ऑलिम्पिक प्रकारात रेंजवर वाऱ्याची निशाणं लावलेली असतात. त्यांतलं तुमच्या जवळचं निशाण जास्त महत्त्वाचं धरा, सुरुवातीला सरकलेली गोळी पुढे तशीच तिरकी जात राहते.

सरावाला मुद्दाम दुपारी जा. शांत सकाळी मारलेले दहा बघून बरं वाटतं खरं, पण मॅचचा डिटेल, म्हणजे गोळ्या मारायची पाळी, तुम्हाला दुपारचा आला तर वारा काही थांबत नाही. करायचं एवढंच, की एक ठरावीक वारा निवडायचा, समजा निशाण अर्धं उचललेलं, त्यावर साइट लावायची, आणि तो वारा असतानाच मारायचं, बदलला की थांबायचं. थांबायला शिकणं सगळ्यात अवघड, हात शिवशिवतात. वहीत लिहा: वेळ, निशाण कसं होतं, गोळी कुठे. अशी वही दोन मोसम भरली की आतल्या भागातल्या, बंद रेंजवर शिकलेल्या नेमबाजाला जे दिसत नाही ते तुम्हाला दिसायला लागतं.

पावसाळ्यात रायफल गंजते. पेटीत कुलूपबंद ठेवूनही बोल्टवर तांबूस डाग आले. – सावंतवाडी

पेटीतच ठेवल्यामुळे आले. त्या पेटीतला फोम आपल्याकडच्या दमट हवेत ओल धरून ठेवतो आणि ती रायफलला चिकटलेली असते. पेटी फक्त प्रवासासाठी. घरी कुलूपबंद लोखंडी कपाट, आत सिलिका जेलच्या पुड्या, त्या अधूनमधून गरम करून वाळवायच्या. हाताळून झाली की घामाचे हात लागलेली प्रत्येक जागा, बोल्ट, ट्रिगर गार्ड, नळी, तेलाच्या पुसट फडक्याने पुसायची, किनाऱ्यावरच्या माणसाच्या घामात आणि हवेत दोन्हीत मीठ. नळी साफ करायची ती मागच्या बाजूने, बोअर गाइड (रॉड सरळ ठेवणारी नळी) लावून, तोंडाकडून रॉड घातला तर टोकाची कड झिजते आणि नेम तिथेच जातो. मॅचच्या आधी कोरडा पॅच (फडक्याचा तुकडा) फिरवून तेल काढा, पहिल्या पाच-दहा गोळ्या भलतीकडे जातात त्या बऱ्याचदा तेलामुळे.

आणि पावसाळ्यात घरी रिकाम्या रायफलवर ट्रिगरचा सराव करताना आत स्नॅप कॅप, म्हणजे सरावाचं खोटं काडतूस, घाला. टू-टूची पिन काडतुसाच्या कडेवर मारते, आत काही नसेल तर बऱ्याच रायफलींमध्ये ती थेट चेंबरच्या कडेवर आपटते, तिथे खाच पडली की केस अडकायला लागते. आधी मात्र खोलीत एकही खरं काडतूस नाही हे डोळ्यांनी आणि बोटाने दोनदा तपासायचं.

माझं वय ४६, शिक्षिका आहे, चाळिशीचा चष्मा आहे. आत्ता सुरुवात केली तर हसतील का? – गुहागर

कोणी हसत नाही ताई, रेंजवर सगळे आपापल्या टार्गेटकडे बघत असतात. मोठ्या वयाच्या नेमबाजांचे वेगळे गटही असतात. प्रोन तर ह्या वयात फार छान जमतं, त्यात ताकदीपेक्षा चिकाटी लागते, आणि वर्गात पन्नास मुलं सांभाळणाऱ्या माणसाकडे ती असतेच. गुडघे दुखत असतील तर नीलिंग, म्हणजे गुडघ्यावरची पोझिशन, एवढ्यात नको.

चष्म्याचं सांगतो. तुम्हाला टार्गेट स्वच्छ दिसायची गरज नाही, पुढची रिंग स्वच्छ दिसली पाहिजे, टार्गेट थोडं धूसर चालतं. म्हणून चाळिशीचा दुहेरी किंवा प्रोग्रेसिव्ह चष्मा कामाचा नाही, प्रोनमध्ये आपण काचेच्या वरच्या कोपऱ्यातून बघतो आणि तिथे नंबर वेगळा लागतो. डोळ्यांच्या डॉक्टरांना रायफलची लांबी सांगा, डोळ्यापासून साधारण एक मीटरवरची वस्तू स्पष्ट दिसेल असा एकच नंबर मागा, आणि तो शूटिंगच्या फ्रेममध्ये बसवा, काच नजरेच्या रेषेला काटकोनात राहील अशी. कानात प्लग आणि वर मफ, दोन्ही. गोळ्या हाताळल्यावर हात साबणाने धुतल्याशिवाय जेवणाचा डबा उघडायचा नाही, शिसं असतं. पहिल्या दिवशी फुल बाह्यांचा सुती शर्ट आणि सपाट तळाचे बूट घालून जा, बाकी सगळं क्लबमध्ये मिळतं.